कॅटची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय व्यवस्थापन संस्थांमध्ये, म्हणजेच आयआयएममध्ये, एमबीएला प्रवेश मिळवण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या कॉमन ॲडमिशन टेस्टबद्दल, अर्थात कॅटबद्दल, विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आकडे आणि नियम २०२५ पर्यंतच्या परीक्षांचे आहेत. ही परीक्षा दरवर्षी वेगवेगळी आयआयएम घेते (२०२४ मध्ये कोलकाता, २०२५ मध्ये कोझिकोड) आणि तपशिलात थोडाफार बदल होत राहतो. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या त्या वर्षाची अधिकृत सूचना स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

परीक्षेचे स्वरूप नेमके कसे असते?

कॅट २००९ पासून संगणकावर घेतली जाते. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी किंवा त्याच्या आसपासच्या रविवारी एकाच दिवशी सकाळी ८.३०, दुपारी १२.३० आणि दुपारी ४.३० अशा तीन सत्रांत ती होते आणि प्रत्येक उमेदवाराला यांपैकी एक सत्र मिळते. एकूण वेळ १२० मिनिटांचा असतो. इंग्रजी आकलन व भाषिक क्षमता, माहितीचे विश्लेषण व तर्क (ज्याला सगळे डीआयएलआर म्हणतात) आणि गणित असे तीन विभाग याच क्रमाने येतात आणि प्रत्येकाला ४० मिनिटे असतात. २०२४ आणि २०२५ मध्ये या विभागांत अनुक्रमे २४, २२ आणि २२ प्रश्न होते. म्हणजे एकूण ६८ प्रश्न आणि २०४ गुण. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो. ज्या प्रश्नांना पर्याय नसतात आणि उत्तर टाइप करावे लागते, त्यांना मात्र उणे गुण नसतात.

चाळीस मिनिटे संपली की विभाग बंद होतो. उरलेला वेळ पुढे नेता येत नाही आणि मागच्या विभागात परतही जाता येत नाही. पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर दिलेला असतो, पण माऊसने एकेक अंक दाबून त्यावर हिशेब करणे इतके संथ असते की ज्याला १७ चा पाढा पाठ आहे तो त्याच्या वाटेला सहसा जात नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१९ पर्यंत परीक्षा तीन तासांची आणि १०० प्रश्नांची होती. २०२० मध्ये ती दोन तासांवर आली आणि पुढेही तशीच राहिली. म्हणून २०१७ ते २०१९ च्या प्रश्नपत्रिका प्रश्नांच्या दर्जासाठी जरूर सोडवाव्यात, मात्र त्यांच्या वेळेच्या गणितावरून आजच्या परीक्षेचे अंदाज बांधू नयेत.

परीक्षेला कोण बसू शकतो?

कोणत्याही शाखेची पदवी किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला उमेदवार बसू शकतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो. वयाची आणि प्रयत्नांच्या संख्येची मर्यादा नाही. २०२५ मध्ये शुल्क २,६०० रुपये होते आणि वर उल्लेख केलेल्या तीन प्रवर्गांसाठी १,३०० रुपये.

पर्सेंटाइल म्हणजे टक्केच ना? ९९ पर्सेंटाइलसाठी किती प्रश्न सोडवावे लागतात?

नाही, आणि या गैरसमजापायी पुष्कळांची तयारी चुकीच्या दिशेने जाते. टक्के तुमचे गुण सांगतात आणि पर्सेंटाइल रांगेतील तुमची जागा सांगते. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी प्रत्यक्ष परीक्षा दिली. त्या वर्षी ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे साधारण २,९०० उमेदवार होते आणि ९५ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे साडेचौदा हजारांहून अधिक. तीन सत्रांची काठिण्यपातळी सारखी नसते, म्हणून मूळ गुणांचे आधी सत्रांनुसार समतोलीकरण होते आणि मग क्रम लावला जातो. ‘माझे सत्र अवघड होते’ ही तक्रार त्यामुळे बरीचशी गैरलागू ठरते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. गेल्या काही वर्षांत ९९ पर्सेंटाइलसाठी लागलेले गुण एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी राहिले आहेत. समजा, एखाद्या उमेदवाराने ६८ पैकी ४० प्रश्न सोडवले. त्यांतले ३२ बरोबर आले आणि चुकलेले आठही बहुपर्यायी प्रश्न होते. त्याचे गुण ९६ वजा ८, म्हणजे ८८ झाले. त्याने २८ प्रश्नांना हातही लावलेला नाही आणि तरीही तो फार वरच्या रांगेत आहे. शाळा-महाविद्यालयात पेपर ‘पूर्ण सोडवणे’ हा गुण मानला जातो. येथे ती सवय आधी मोडावी लागते. कोणता प्रश्न सोडायचा हे ठरवता येणे या परीक्षेत तुमच्या ज्ञानाइतकेच मोलाचे असते, आणि पुढची बहुतेक उत्तरे फिरून याच मुद्द्यापाशी येतील.

तयारीला किती महिने लागतात?

ज्याचे दहावीपर्यंतचे गणित पक्के आहे आणि ज्याला इंग्रजी वाचनाची सवय आहे, त्याला रोजच्या दोन-तीन तासांच्या हिशेबाने सहा महिने पुरतात. या दोहोंपैकी एक बाजू लंगडी असेल तर आठ-दहा महिने धरावेत. दोन वर्षे आधी सुरुवात करणाऱ्यांचा उत्साह बहुधा पहिल्या दिवाळीपर्यंतच टिकतो, असा अनुभव आहे. अर्ज साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला निघतात आणि सप्टेंबरमध्ये बंद होतात. तोपर्यंत गणिताचे मूळ घटक एकदा हाताखालून जायला हवेत, कारण ऑगस्टपासून पुढचा वेळ सराव परीक्षांचा, म्हणजे मॉकचा आणि त्यांच्या तपासणीचा असतो.

माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजीमुळे मी मागे पडेन का?

परीक्षा फक्त इंग्रजीतून होते, त्यामुळे अडचण नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण ती बहुतेकांना वाटते त्या ठिकाणी नसते. मराठी माध्यमातील विद्यार्थी सहसा शब्दसंग्रहाला घाबरतो आणि अवघड शब्दांच्या याद्या पाठ करू लागतो. कॅटमध्ये शब्दार्थ विचारणारे सुटे प्रश्न आता येत नाहीत. उताऱ्यातील अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून लागला तरी काम भागते. खरी अडखळण लहान शब्दांपाशी होते.

गणिताच्या प्रश्नातील ‘ॲट लीस्ट’ म्हणजे किमान आणि ‘ॲट मोस्ट’ म्हणजे कमाल, हे घरी बसून विचारले तर कोणीही सांगेल. मात्र घड्याळ पळत असताना ‘नॉट मोअर दॅन’ वाचून तोच विद्यार्थी ‘पेक्षा कमी’ असा अर्थ घेतो आणि ‘तेवढेच’ ही शक्यता सोडून देतो. ‘अनलेस’ आले की वाक्य उलटे लागते. ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे वेगवेगळे, ‘कॉन्सिक्युटिव्ह’ म्हणजे लागोपाठचे, ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे अनुक्रमे. असे वीस-पंचवीस शब्द एका पानावर मराठी अर्थांसह लिहून काढावेत आणि महिनाभर रोज नजरेखालून घालावेत. गणितात आणि तर्कात वाया जाणाऱ्या गुणांचा मोठा वाटा या एका पानाने वाचतो.

वाचनाची सवय मात्र एका पानावर मावत नाही. अर्थकारण, विज्ञान, तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांवरचा इंग्रजीतील एक लांब लेख रोज वाचावा आणि वाचून झाल्यावर लेखकाचे म्हणणे दोन वाक्यांत, चक्क मराठीत, लिहावे. अनेक शिक्षक मनातल्या मनात भाषांतर करू नका असे बजावतात. वाचताना ते करू नये हे खरे. पण वाचून झाल्यावर आपल्या भाषेत सार सांगता आले नाही, तर लेख समजलेला नाही एवढे नक्की कळते.

उतारा समजतो, तरी उत्तरे चुकतात. असे का होते?

कारण चुकीचे पर्याय उताऱ्याच्याच शब्दांनी बनवलेले असतात. एक उदाहरण घ्या. उताऱ्यात म्हटले आहे की काही शहरांत रस्त्याकडेला झाडे लावल्यानंतर उन्हाळ्यातील दुपारचे तापमान घटलेले आढळले. एक पर्याय म्हणतो, ‘झाडे लावल्याने शहरांचे तापमान घटते.’ दुसरा म्हणतो, ‘झाडे आणि तापमान यांचा संबंध काही ठिकाणी दिसून आला आहे.’ पहिला पर्याय वाचायला भारदस्त आणि ओळखीचा वाटतो, पण त्यात ‘काही’ गळले आहे, ‘दुपारचे’ गळले आहे आणि ‘नंतर’चे ‘मुळे’ झाले आहे. दुसरा मिळमिळीत वाटतो आणि तोच बरोबर आहे. लेखक जेवढे म्हणतो त्याच्या एक पाऊलही पुढे न जाणारा पर्याय निवडण्याची शिस्त लागली की या विभागातील गुण स्थिरावतात.

अलीकडच्या परीक्षांत या विभागातील २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात. उरलेले परिच्छेदाचा सारांश, वाक्यांचा क्रम लावणे, विसंगत वाक्य ओळखणे आणि सुटलेले वाक्य योग्य जागी बसवणे या प्रकारांचे असतात. चारही उतारे सोडवलेच पाहिजेत असा दंडक नाही. पहिल्या चार-पाच ओळींचे वाचन झाल्यावर विषय पूर्ण परका वाटला तर तो उतारा शेवटी ठेवावा. वाक्यक्रमाचे प्रश्न टाइप करून उत्तर देण्याचे असल्यास तेथे उणे गुण नसतात, म्हणून ते कोरे सोडू नयेत.

गणित कच्चे आहे. कोठून सुरुवात करावी?

अंकगणितापासून. शेकडेवारी, नफा-तोटा, सरळ आणि चक्रवाढ व्याज, गुणोत्तर-प्रमाण, सरासरी, मिश्रण, भागीदारी आणि काळ-काम-वेग हे घटक शाळेत शिकलेलेच आहेत. अंकगणित आणि बीजगणित मिळून या विभागाचा बहुतांश भाग व्यापतात. त्यानंतर वर्गसमीकरणे, असमानता, फलन, घातांक आणि लॉगरिदम, श्रेढी हे बीजगणित घ्यावे. भूमितीत त्रिकोण, वर्तुळ आणि निर्देशक भूमितीची ओळख पुरेशी असते. क्रमपर्याय, संयोग आणि संभाव्यता यांच्यावर बारावी विज्ञान शाखेत जितका घाम गाळला जातो, तितका येथे गाळण्याचे कारण नाही.

सूत्रांपेक्षा प्रश्नाकडे पाहण्याची रीत महत्त्वाची असते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘क्ष वजा ३ आणि क्ष अधिक ५ या दोहोंच्या निरपेक्ष किमतींची बेरीज १२ पेक्षा जास्त नाही, तर क्ष च्या किती पूर्णांक किमती शक्य आहेत?’ वर्गात शिकवल्याप्रमाणे तीन शक्यता मांडून प्रत्येकीत असमानता सोडवली तर उत्तर येते, पण अडीच-तीन मिनिटे जातात. आता हेच संख्यारेषेवर पाहा. आपल्याला ३ पासूनच्या आणि उणे ५ पासूनच्या अंतरांची बेरीज करायची आहे. या दोन बिंदूंमधील अंतर ८ आहे, म्हणून त्यांच्या दरम्यान कोठेही उभे राहिले तरी बेरीज ८ च येते. बाहेर पडल्यावर प्रत्येक पावलाला ती २ ने वाढते. परवानगी १२ पर्यंत आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन पावले. उणे ७ ते ५ या १३ किमती झाल्या. कागदावर एक आडवी रेघ आणि दोन ठिपके, एवढेच काम. प्रत्येक घटक शिकताना ‘याला दुसरी वाट आहे का’ हा प्रश्न विचारण्यासाठी सुरुवातीच्या महिन्यांत वेळ असतो. ऑक्टोबरमध्ये तो नसतो.

पाढे, २५ पर्यंतचे वर्ग आणि १/७ म्हणजे १४.२८ टक्के, १/८ म्हणजे १२.५ टक्के अशा अपूर्णांकांची रूपांतरे पाठ असावीत. हा सल्ला बाळबोध वाटेल, पण २२ प्रश्नांना ४० मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०९ सेकंद मिळतात, हे ध्यानात घेतले की त्याची गरज पटते.

डीआयएलआरची तयारीच करता येत नाही, असे म्हणतात. खरे आहे का?

या विभागाला ठरावीक अभ्यासक्रम नाही, इतकेच त्यात खरे आहे. २०२३ मध्ये येथे ४ संच आणि २० प्रश्न होते, तर २०२४ मध्ये ५ संच आणि २२ प्रश्न. प्रत्येक संच म्हणजे एक स्वतंत्र कोडे. ते उलगडले तर चार-पाच प्रश्न एकदम सुटतात. नाही उलगडले तर पंधरा मिनिटे जाऊन हाती शून्य राहते. इतर कोणत्याही विभागात निवडीची चूक इतकी महाग पडत नाही.

म्हणून पहिली पाच-सहा मिनिटे सर्व संच वाचण्यात घालवावीत. वाचताना उत्तर शोधायचे नाही. संचात न सांगितलेली पण आपोआप ठरणारी एखादी गोष्ट सापडते का, ते पाहायचे. समजा, सहा संघ साखळी पद्धतीने प्रत्येकी एकदा एकमेकांशी खेळतात. विजयाला २ गुण, बरोबरीला दोघांना १-१, पराभवाला शून्य. गुणतक्त्यातील निम्म्या जागा कोऱ्या आहेत. सामने १५ होणार, आणि निकाल काहीही लागला तरी प्रत्येक सामन्यातून बरोबर २ गुण वाटले जाणार, म्हणून सर्व संघांच्या गुणांची बेरीज ३० च असणार. हे वाक्य संचात कोठेही छापलेले नसते, पण ते सुचले की कोऱ्या जागा एकामागून एक भरत जातात. ज्या संचात असा धागा पहिल्या वाचनात दिसतो तो आधी घ्यावा. ज्यात ‘जर असे असेल तर, जर तसे असेल तर’ अशा फांद्या पहिल्याच अटीपासून फुटू लागतात, तो शेवटी.

पाचपैकी तीन संच अचूक सोडवणारा उमेदवार या विभागात अत्यंत चांगल्या स्थितीत असतो. अवघड सत्रात दोनही पुरेसे ठरतात. सरावासाठी २०१७ पासूनच्या अधिकृत प्रश्नपत्रिकांमधील संच सर्वोत्तम आहेत. ते उत्तर वाचून संपवू नयेत. न सुटलेला संच दोन दिवसांनी पुन्हा, उत्तर न पाहता, घ्यावा.

अंदाजाने उत्तर देणे फायद्याचे ठरते का?

चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर चारांत एकदा ३ गुण मिळतात आणि तीनदा १-१ गुण जातो. दीर्घकाळात हिशेब शून्यावर येतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर हिशेब किंचित तुमच्या बाजूने झुकतो आणि दोन बाद झाले तर स्पष्टपणे झुकतो. मात्र ‘खात्रीने’ हा शब्द येथे जड आहे. इंग्रजी विभागात बाद केलेला पर्यायच बरोबर निघण्याची उदाहरणे प्रत्येकाच्या वहीत सापडतील.

मॉक किती द्याव्यात आणि त्यांचे विश्लेषण कसे करावे?

संख्येला फारसा अर्थ नाही. पन्नास मॉक देऊन गुण जेथल्या तेथे राहिलेले विद्यार्थी असतात आणि वीस-पंचवीस मॉकवर पुढे गेलेलेही असतात. दोन तासांची मॉक दिल्यावर तिच्या तपासणीला किमान तीन तास लागायला हवेत. ते देता येत नसतील तर पुढची मॉक देऊ नये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आठवड्याला एक, ऑक्टोबरपासून दोन, हा वेग बहुतेकांना झेपतो.

तपासणी म्हणजे उत्तरे वाचणे नव्हे. गुण न मिळालेला प्रत्येक प्रश्न तीन गठ्ठ्यांपैकी एकात टाकावा : येत होता पण चुकला; येत नव्हता तरी वेळ घातला; आणि येत होता पण त्याच्यापर्यंत पोहोचलोच नाही. विद्यार्थी पहिल्या गठ्ठ्यावर हळहळतात आणि तिसऱ्याकडे पाहतही नाहीत, कारण तिसऱ्यात चूक दिसत नाही, नुसती कोरी जागा दिसते. वास्तविक दुसऱ्या गठ्ठ्यात घातलेली मिनिटेच तिसऱ्यातून चोरलेली असतात. मॉक संपल्यावर घड्याळ न लावता कोरे राहिलेले प्रश्न सोडवून पाहा. त्यांतले तीन-चार सहज सुटले की निवडीची चूक किती गुणांना पडली, ते आकड्यांत समोर येते.

यासाठी चुकांची एक वही ठेवावी आणि तिच्यातील नोंद नेमकी असावी. ‘गणितात लक्ष द्यायला हवे’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘मॉक ७, गणित, प्रश्न १४ : धन पूर्णांक म्हटले होते, मी शून्यही धरले, प्रश्न ९ वर साडेचार मिनिटे, दोन मिनिटांनंतर नवीन काही सुचत नव्हते तरी थांबलो’ अशी नोंद कामाची. दर पाच मॉकनंतर वही उलटून पाहिली की तीच ती चूक वेगवेगळ्या तारखांना भेटते.

पर्सेंटाइलच्या चढउताराने खचू नये. खासगी मॉकमध्ये बसणारा वर्ग आणि प्रत्यक्ष परीक्षेला बसणारा वर्ग वेगळा असतो, त्यामुळे ते आकडे एकमेकांशी जुळवण्यात अर्थ नाही.

क्लास लावणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. क्लासचा खरा उपयोग वेळापत्रक आणि सोबत यांसाठी होतो. ज्याला घरी एकट्याने अभ्यास रेटता येत नाही त्याने तो जरूर लावावा. शिकवण्याचा मजकूर आज पुष्कळ ठिकाणी उपलब्ध आहे. स्वतः अभ्यास करणाऱ्यानेही एका चांगल्या मॉक मालिकेचे शुल्क मात्र भरावे. शुल्कासाठी कर्ज काढण्याची वेळ येत असेल तर क्लासचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरी सांभाळून तयारी होते का?

होते. कामाच्या दिवसांत सकाळी दीड तास गणित किंवा तर्क, प्रवासात किंवा जेवणाच्या सुट्टीत एक लेख, आणि शनिवार-रविवार मिळून एक मॉक व तिची तपासणी, एवढे नियमाने झाले तरी पुरे. दमून आल्यावर रात्री नवीन घटक घेऊ नये, जुन्या चुका पाहाव्यात. निव्वळ तयारीसाठी नोकरी सोडण्याचा निर्णय सहसा महागात पडतो, कारण मुलाखतीत त्या रिकाम्या काळाबद्दल विचारणा होतेच.

कॅटबरोबर महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीची तयारी होऊन जाते का?

बरीचशी होते, पण आपोआप होत नाही. राज्याच्या सीईटी कक्षाच्या या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, आणि उणे गुण नसतात. तार्किक क्षमतेचे ७५, आकृत्यांवरील अमूर्त तर्काचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५० अशी विभागणी असते. प्रश्न तुलनेने सोपे असतात. वेगच कसोटीला लागतो. सोडण्याची कला शिकलेल्या कॅटच्या विद्यार्थ्यालाही येथे निवडलेल्या प्रश्नावर रेंगाळण्याची सवय नडते. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग अशा संस्थांसाठी ही परीक्षा महत्त्वाची असल्याने कॅट आटोपल्यावर आकृत्यांच्या प्रश्नांचा आणि वेगाचा स्वतंत्र सराव करावा. कोणताही प्रश्न कोरा सोडू नये, हे तर उघडच आहे.

माझे राज्याचे जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्र आहे. तेवढे चालेल का?

या मुद्द्यावर दरवर्षी चांगले विद्यार्थी अडकतात, म्हणून थोडे सविस्तर. आयआयएम केंद्र सरकारच्या संस्था आहेत. तेथे अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना ७.५ टक्के, नॉन-क्रिमी लेअर ओबीसींना २७ टक्के आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना (ईडब्ल्यूएस) १० टक्के जागा राखीव असतात. दिव्यांगांसाठी ५ टक्के. ओबीसी उमेदवाराची जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात असावे लागते. महाराष्ट्रातील प्रवर्ग केंद्रात जसेच्या तसे नाहीत. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग तेथे चालत नाही, आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींतील उमेदवाराने आपली जात केंद्राच्या कोणत्या यादीत आहे हे आधी तपासावे. सेतू केंद्रात अर्ज देताना ‘केंद्र सरकारच्या नोकरी-शिक्षणासाठीचा नमुना’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर राज्याचाच नमुना हातात पडतो.

नॉन-क्रिमी लेअर आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रे उत्पन्नाशी जोडलेली असल्याने ती चालू मुदतीतील लागतात. तहसील कार्यालयातील वेळ लक्षात घेता जून-जुलैतच अर्ज टाकावा. कॅटच्या अर्जात एकदा निवडलेला प्रवर्ग नंतर बदलता येत नाही.

दहावी-बारावीला कमी गुण आहेत. मग काही उपयोग आहे का?

आहे, पण संस्थांची यादी विचारपूर्वक करावी लागते. प्रत्येक आयआयएमचे निकष वेगळे असतात. आयआयएम अहमदाबाद दहावी, बारावी, पदवी आणि कामाचा अनुभव यांवरून ॲप्लिकेशन रेटिंग नावाचा स्वतंत्र गुणांक काढते. इतर काही संस्था कॅटच्या गुणांना अधिक वजन देतात. शिवाय एकूण पर्सेंटाइलबरोबर प्रत्येक विभागाची किमान पर्सेंटाइलही गाठावी लागते, त्यामुळे गणितात ९९ आणि इंग्रजीत ६० असलेला उमेदवार अनेक ठिकाणी मुलाखतीपर्यंतही जात नाही. संस्थांची प्रवेश धोरणे त्यांच्या संकेतस्थळांवर जाहीर होतात. ती वाचून आपल्या गुणांना अनुकूल अशा संस्था आधीच निवडून ठेवाव्यात. आयआयएमबाहेरील अनेक चांगल्या संस्थाही कॅटचेच गुण घेतात.

शेवटच्या आठवड्यात आणि परीक्षेच्या दिवशी काय करावे?

शेवटची मॉक परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी द्यावी आणि ती तुमच्या सत्राच्याच वेळेला द्यावी. दुपारी ४.३० चे सत्र मिळालेल्याने आठवडाभर सकाळी उठून अभ्यास करून चारला डुलक्या घेत बसणे बरे नव्हे. केंद्र एक दिवस आधी पाहून यावे. प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र सोबत असावे. घड्याळ, मोबाइल आणि दागिने आत नेता येत नाहीत, कच्च्या कामाचे कागद केंद्रावरच मिळतात. पात्र दिव्यांग उमेदवारांना प्रत्येक विभागात १३ मिनिटे २० सेकंद अधिक मिळतात. त्यासाठीची कागदपत्रे अर्जाच्या वेळीच तयार ठेवावी लागतात.

पहिला विभाग वाईट गेला असे वाटले तरी तो विचार तेथेच सोडावा. जो उतारा तुम्हाला अगम्य वाटला तो त्या सत्रातील बहुतेकांना तसाच वाटलेला असतो आणि पर्सेंटाइल इतरांशी तुलना करूनच ठरते.

या वर्षी मनासारखे गुण आले नाहीत. पुन्हा परीक्षा द्यावी का?

निकालाच्या दिवशी हा निर्णय घेऊ नये. कॅटचे गुण एकाच प्रवेशवर्षासाठी ग्राह्य असतात, त्यामुळे आधी या गुणांवर कोणत्या संस्था मिळू शकतात आणि जानेवारीनंतरच्या कोणत्या परीक्षा हातात आहेत, ते पाहावे. त्यानंतर स्वतःची अधिकृत उत्तरपत्रिका उघडावी. प्रश्न आणि उत्तरतालिकेसह ती उमेदवाराला उपलब्ध करून दिली जाते. मॉकसाठी वापरलेले तेच तीन गठ्ठे येथेही करावेत. ‘येत होता पण पोहोचलो नाही’ आणि ‘येत होता पण चुकला’ हे गठ्ठे मोठे असतील, तर त्याच ज्ञानावर पुढच्या वर्षी लक्षणीय सुधारणा शक्य आहे आणि नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवून दुसरा प्रयत्न करण्यात शहाणपण आहे. ‘येत नव्हता’ हाच गठ्ठा मोठा असेल, तर नोव्हेंबरची वाट न पाहता फेब्रुवारीपासून अंकगणित आणि वाचन पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागेल. तेवढी तयारी मनाची आहे का, हे प्रामाणिकपणे ठरवून मगच ऑगस्टमध्ये अर्ज भरावा.